डिस्चार्जनंतरचे वर्ष

दारू थांबवल्यावर होणारा त्रास औषधांनी आटोक्यात यायला साधारण आठवडा पुरतो. हातांचा कंप, घाम, उडालेली झोप, तसेच काही रुग्णांत दोन-तीन दिवसांनी उद्भवणारा डेलिरियम ट्रेमेन्स (तीव्र कंपासह येणारी भ्रमावस्था), हे सारे योग्य औषधे, थायमिन आणि दक्ष परिचारिका असल्या की बहुतेक वेळा सुखरूप हाताळता येते. व्यसनोपचारातला सर्वांत ठरीव टप्पा हाच. अवघड काम त्यानंतर सुरू होते आणि बऱ्याच केंद्रांची व्यवस्था नेमकी तिथेच संपते.

व्यसनाधीनता हा उलटणारा, दीर्घकालीन आजार आहे. मॅक्लेलन आणि सहकाऱ्यांनी २००० साली मांडलेल्या आढाव्यानुसार उपचारानंतर वर्षभरात ४० ते ६० टक्के रुग्ण पुन्हा व्यसनाकडे वळतात. उच्च रक्तदाब आणि दमा यांतही आजार उलटण्याचे प्रमाण याहून कमी नाही. तरीही रक्तदाब वाढलेल्या रुग्णाची गोळी बदलली जाते, तर पुन्हा प्यायलेल्या रुग्णाच्या वाट्याला बोलणी येतात. काही ठिकाणी त्याला पुन्हा दाखलही करून घेत नाहीत. हे वैद्यकीयदृष्ट्या चूक आहे. आजार उलटला म्हणजे उपचाराची आखणी अपुरी पडली, असे समजून ती बदलली पाहिजे.

आखणीतला पहिला दोष म्हणजे मन आणि व्यसन यांची केलेली फाळणी. उदासीनता घेऊन आलेल्या रुग्णाला मानसोपचाराच्या ओपीडीत ‘आधी दारू सोडा’ असे सांगितले जाते आणि व्यसनमुक्ती केंद्रात ‘आधी डोक्याचे औषध पूर्ण करा’. दोन दारांमध्ये हेलपाटे घालणारा हा रुग्ण शेवटी गुत्त्यावर परततो. दारूमुळे आलेली उदासी मद्यविरहित दोन ते चार आठवड्यांत अनेकदा निवळते, म्हणून तिसऱ्याच दिवशी निदानाचा शिक्का मारणे घाईचे ठरते. पण पिणे सुरू होण्यापूर्वी किंवा ते दीर्घकाळ बंद असताना उदासीनतेचे झटके आले होते का, घराण्यात असा आजार आहे का, हे पहिल्याच भेटीत पत्नीला किंवा आईला विचारता येते. उत्तर होकारार्थी असेल, किंवा आत्महत्येचे विचार असतील, तर थांबण्याचे कारण उरत नाही. बायपोलर किंवा सायकोसिसच्या रुग्णाची चालू औषधे ‘तीही एक नशाच’ म्हणून बंद करणे तर धोकादायक आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येतच घेतल्या आहेत. कायद्याने एकत्र आणलेले प्रत्यक्षात वेगळे ठेवण्याला आधार नाही.

याच कायद्याच्या ९८ व्या कलमात डिस्चार्जच्या नियोजनाची तरतूद आहे. रुग्ण, त्याने नेमलेला प्रतिनिधी किंवा कुटुंबीय यांच्याशी बोलून पुढील उपचारांची योजना तयार व्हावी, असे ते सांगते. व्यवहारात ही योजना पुष्कळदा ‘महिन्याने दाखवा’ एवढ्या ओळीत उरकते. तिच्यात पुढच्या भेटीची तारीख, तोवर पुरतील एवढी औषधे, ओढ अनावर झाल्यास फोन उचलणाऱ्या माणसाचे नाव आणि घरातल्या मंडळींची तयारी हे सारे हवे. ब्राऊन शुगरच्या रुग्णाबाबत तर हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. काही आठवडे पदार्थ बंद राहिला की शरीराची सहनशक्ती उतरते आणि जुनाच डोस प्राणघातक ठरू शकतो. अशा रुग्णाला नुसते ‘साफ’ करून घरी धाडण्यापेक्षा ब्युप्रेनॉर्फिन हे पर्यायी औषध दीर्घकाळ चालू ठेवणे अधिक सुरक्षित असते.

पाठपुराव्याचे मनुष्यबळ कुठून आणायचे, ही अडचण खरी आहे. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळतो. एवढा भार मनोविकारतज्ज्ञ एकटे उचलू शकणार नाहीत. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनातून बाहेर पडलेल्यांनाच कार्यकर्ते केले, पत्नींना उपचारात सामील करून घेतले आणि पाठपुरावा रुग्णांच्या गावांपर्यंत नेला. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगत’ या संस्थेने घेतलेल्या चाचणीत प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांची छोटी सत्रे मिळालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुषांचे पिणे तीन महिन्यांत घातक पातळीखाली आले; नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. हा फायदा वर्षअखेरही टिकून होता. मात्र ती चाचणी घातक प्रमाणात पिणाऱ्यांवर होती, पूर्ण अवलंबित्व आलेल्यांवर नव्हे. त्यामुळे समुपदेशकाच्या पाठीशी डॉक्टर आणि औषधे लागतातच.

केंद्रांच्या वार्षिक अहवालांत ठळकपणे छापली जाते ती दाखल झालेल्यांची संख्या. तिच्या शेजारी, डिस्चार्जनंतर बारा महिन्यांनी किती रुग्ण संपर्कात आहेत, किती औषध घेत आहेत आणि किती पुन्हा दाखल झाले, हे आकडेही प्रत्येक केंद्राने यंदापासून द्यावेत.