जुन्या संगणकात अडकलेली मराठी

सीमाभागात मराठीचा प्रश्न निघाला की शाळा, परिपत्रके आणि पाट्या यांवर चर्चा होते. ती व्हायलाच हवी. पण आपल्याच कपाटात पडून असलेल्या मराठीकडे आपले लक्ष आहे काय?

आमच्या वाचनालयाने १९९९ साली स्मरणिका काढली होती. गावची मराठी शाळा कशी उभी राहिली, जागा कोणी दिली, बिनपगारी कोणी शिकवले, हे सारे वयोवृद्धांनी तीत सांगितले होते. त्यांपैकी आज कोणीही हयात नाही. छापील प्रत एकच उरली, तिलाही वाळवी लागली. मजकूर सीडीवर आहे म्हणून आमची समिती निर्धास्त होती. गेल्या वर्षी ती सीडी नव्या संगणकाला लावली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता गोपाळकाला!

कारण साधे आहे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली, तरी पुढे कित्येक वर्षे छापखान्यांत प्रत्येक सॉफ्टवेअरचे फॉन्ट निराळेच होते. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचा आकार बसवलेला असे. फॉन्ट गेला की मराठी गेली. शिवाय त्या काळची सोळा बिटांची सॉफ्टवेअरे आजच्या चौसष्ट बिटांच्या विंडोजवर चालतच नाहीत.

समितीत सूर निघाला, ‘जाऊ द्या, आता कोण वाचणार?’ हा सूर मला मान्य नाही. दिवाळीला गावी आलेल्या एका माजी विद्यार्थ्याने माझ्या घरच्याच संगणकावर उपाय करून दाखवला. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. २००७ साली आलेले व्हर्च्युअलबॉक्स हे असेच एक मोफत सॉफ्टवेअर. ते आपल्या संगणकाच्या पोटात दुसरा, आभासी संगणक तयार करते. आपली थोडी मेमरी आणि डिस्कवरची थोडी जागा त्याला द्यायची आणि त्यात जुनी विंडोज बसवायची. त्या बिचारीला वाटते, आपण आपल्याच काळातल्या यंत्रावर आहोत. बाहेरची नवी प्रणाली आपल्या जागी सुखरूप असते. घरात मराठी आणि कचेरीत कन्नड बोलणाऱ्या सीमावासीयांना हे अधिक समजावून सांगायला नको.

पथ्ये मात्र पाळावीत. जुन्या विंडोजची रीतसर परवान्याची प्रत हवी. विंडोज एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली, म्हणून तिला इंटरनेट जोडू नये. काही सॉफ्टवेअरांना ‘डोंगल’ नावाचे कुलूप असे. ते प्रिंटरच्या जुन्या जोडणीत बसणारे असेल, तर आजच्या बहुतेक संगणकांना ती जोडणीच नसते. आमचे सॉफ्टवेअर बिनकुलपाचे निघाले आणि त्याची मूळ सीडी छापखानदारांनी जपून ठेवली होती, हे आमचे नशीब.

स्मरणिका उघडली. पान न् पान शाबूत होते! आता तो मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम चालू आहे. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, तर युनिकोडमध्ये अक्षरानंतर. त्यामुळे रूपांतरात ‘शिक्षक’सुद्धा चुकतो. रफारांचीही तीच गत. यंत्रावर विसंबून चालत नाही, मुद्रितशोधन माणसानेच करावे लागते. निवृत्त शिक्षकांनी हे काम अंगावर घ्यावे.

घटनेच्या २९ व्या कलमाने आपली भाषा आणि लिपी जतन करण्याचा हक्क आपल्याला दिला आहे. त्यासाठी आपण निवेदने देतो, मोर्चे काढतो. पण जतन करायचे तेच आपल्या हातून नष्ट झाले तर दोष कोणाला देणार? प्रत्येक वाचनालयाने, शाळेने आणि मंडळाने या सुट्टीत आपली कपाटे उघडावीत. फ्लॉपी आणि सीडी दरवर्षी खराब होत आहेत, आणि ते जुने संगणक हाताळलेली माणसेही थकत चालली आहेत.