सभागृहाबाहेर पक्ष, सभागृहात कळमनुरी

आम्ही कळमनुरीचे मतदार. आमच्यात काँग्रेसवाले आहेत, भाजपचे आहेत, दोन्ही शिवसेनांचे आणि दोन्ही राष्ट्रवादींचे आहेत, वंचितचे आहेत, आणि निवडणूक आली की घराला कुलूप लावून शेतात जाणारेही आहेत. कुणी आपला पक्ष सोडलेला नाही. लोकसभेला, विधानसभेला आम्ही एकमेकांविरुद्ध घसा कोरडा करत आलो, पुढेही करू. आज एकत्र आलो ते एका मागणीसाठी. नगरपरिषदेच्या सभागृहात पाणी, नाली, कचरा, दिवे आणि बांधकाम परवानगी यांवर हात वर करताना नगरसेवकाच्या खिशात पक्षाचा व्हिप, म्हणजे पक्षादेश, नसावा.

व्हिप हा दिल्ली-मुंबईचा विषय आहे असं अनेकांना वाटतं. तसं नाही. खासदार-आमदारांसाठी पक्षांतरबंदी १९८५ साली संविधानात आली, आणि १९८६ मध्ये महाराष्ट्राने वेगळा कायदा करून तीच तरतूद स्थानिक संस्थांच्या सदस्यांना लावली. नगरसेवकाने पक्षादेशाविरुद्ध मत दिलं किंवा मतदानाच्या वेळी गैरहजर राहिला, तर जिल्हाधिकारी त्याला अपात्र ठरवू शकतात. घोडेबाजार रोखायचा, हा हेतू चांगलाच होता. विधानसभेत चार माणसं फुटली तर सरकार कोसळतं, म्हणून तिथे व्हिपची गरज समजते. नगरपरिषदेत काय कोसळणार? नगराध्यक्ष आता थेट जनतेतून निवडून येतो. नालीचा ठराव नामंजूर झाला म्हणून त्याची खुर्ची जात नाही. ही थेट निवड २०१६ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये पुन्हा आली. मुंबईत सरकार बदललं की आमच्या नगराध्यक्षाला निवडायची पद्धत बदलते, हे जरा गमतीचंच आहे. पण पद्धत थेट निवडीची असेल, तर सदस्यांना व्हिपने बांधायचं कारण निम्म्याहून अधिक संपतं.

आणि कायदा नीट वाचा. तो व्हिप मोडणाऱ्याला शिक्षा सांगतो. व्हिप काढलाच पाहिजे असं कुठेही म्हणत नाही. म्हणजे आमची मागणी पुरी करायला मुंबईहून दुरुस्ती यायची वाट पाहायला नको. शहरातल्या पक्षांच्या गटनेत्यांनी ठरवलं की झालं.

एकट्याने ‘नाही’ म्हणण्याची एक जुनी गोष्ट आठवा. १८८० साली व्हाइसरॉय लिटन पुण्याला येणार होते. त्यांच्या स्वागताच्या सजावटीवर हजार रुपये खर्च करायचा ठराव पुणे नगरपालिकेपुढे आला. सगळ्या सभासदांत एकट्या जोतीराव फुल्यांनी त्याला विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं होतं. फुले तेव्हा सरकारनियुक्त सभासद होते, निवडून आलेले नव्हते. तरी त्यांना एकट्याने ‘नाही’ म्हणता आलं. आज आमचा नगरसेवक हजारो लोकांसमोर हात जोडून निवडून येतो, आणि तेच ‘नाही’ त्याने पक्षादेशाविरुद्ध म्हटलं तर त्याचं पद धोक्यात येतं. सरकारने नेमलेल्या सभासदाला जी मोकळीक होती ती लोकांनी निवडलेल्याला नाही, याचा विचार गटनेत्यांनी एकदा शांतपणे करावा.

आता गल्लीत या. नगरपरिषदेचा प्रभाग दोन सदस्यांचा, ‘अ’ जागा आणि ‘ब’ जागा. सदस्यांसाठी मतदार दोनदा बटण दाबतो आणि बऱ्याच ठिकाणी ‘अ’ एका पक्षाचा, ‘ब’ दुसऱ्या पक्षाचा निवडून येतो. छोट्या शहरात राहणाऱ्याला पुढचं सांगायला नको. पाइपलाइन फुटली की बाई ‘अ’कडे जाते. तो म्हणतो, काकू, ते काम त्यांच्या फंडातलं आहे. ‘ब’ म्हणतो, सत्ता त्यांची आहे, त्यांनाच विचारा. संध्याकाळपर्यंत पाणी दोघांच्याही दारावरून वाहत जातं. ही तऱ्हा कुठल्या एका पक्षाची नाही. पण एकाच प्रभागाच्या दोघांना एकाच कागदावर सूचक आणि अनुमोदक म्हणून सही करायला लावलं, तर काकूंची एक फेरी वाचेल.

तक्रार सभागृहात मिटली नाही की ती हिंगोलीला जाते. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातलं कलम ३०८ जिल्हाधिकाऱ्यांना ठरावाची अंमलबजावणी थांबवायचा अधिकार देतं. बेकायदा ठराव रोखायला हे कलम हवंच. मात्र राज्यभर ते सभागृहात हरलेल्या गटाचं दुसरं मैदान झालं आहे. ठराव इथे, भांडण तिथे, आणि मधल्या काळात निधी खर्चायची मुदत निघून जाते.

पक्ष नकोतच, असंही आम्ही म्हणत नाही. पक्षाविना कारभार कसा असतो ते महाराष्ट्राने नुकतंच पाहिलं. २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या नगरपरिषदांची मुदत संपली, ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात निवडणुका अडकल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी आदेश दिल्यावर डिसेंबरात मतदान झालं. मधली वर्षं प्रशासकाची. तेव्हा व्हिप नव्हता, पण सभागृहात उठून प्रश्न विचारणाराही कुणी नव्हता. विरोधी बाकावर माणूस हवा. तो पक्षाचा असला तरी चालेल, त्याला गल्ली माहीत असली म्हणजे झालं.

गळ्यात गळे घालणारी एकीही आम्हाला नको. जानेवारी २०२६ मध्ये अंबरनाथला भाजप आणि काँग्रेसचे नगरसेवक एका आघाडीत बसले, अकोटला भाजप आणि एमआयएमचे. ती जुळवाजुळव सत्तेच्या गणितासाठी होती आणि वरच्या नेत्यांनीच ती नाकारली. आमचा मुद्दा वेगळा आहे. खुर्चीसाठी कुणी कुणाबरोबर बसावं यात आम्हाला रस नाही. आणि त्याहून वाईट एकी म्हणजे इतिवृत्तातले ते ओळखीचे दोन शब्द: ‘सर्वानुमते मंजूर’. सगळ्यांना वाटा पोचला की कुणीच बोलत नाही. अशा सर्वपक्षीय एकमतापेक्षा रीतसर भांडण बरं, फक्त ते नावानिशी लिहिलेलं असावं.

आता बांधकाम परवानगीचं घ्या. १० जुलै २०२४ च्या सकाळी आपल्या तालुक्यातल्या रामेश्वर तांड्याजवळ केंद्र असलेला ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. हिंगोलीपासून नांदेड-परभणीपर्यंत लोक घराबाहेर धावले. त्याच वर्षी मार्चमध्येही जमीन हलली होती. शेजारच्या वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात तर वर्षानुवर्षं जमिनीतून गूढ आवाज येतात. अशा भागात बांधकाम परवानगी हा कागदाचा सोपस्कार राहत नाही. कॉलम किती जाडीचा, गल्लीत अग्निशमनाची गाडी वळते का, शाळेची जुनी भिंत कुणी तपासली, हे प्रश्न सभागृहात यायला हवेत. त्यावर व्हिप काढणाऱ्या पक्षाने आधी स्वतःच्या कार्यालयाचं छत पाहावं.

म्हणून आमचं मागणं असं. प्रत्येक गटनेत्याने लेखी द्यावं की नागरी सेवांच्या ठरावांवर व्हिप निघणार नाही. उपनगराध्यक्षाच्या निवडीला हवा तर काढा. कुणाचं मत बाजूने, कुणाचं विरोधात, हे इतिवृत्तात नावाने यावं. विषयपत्रिका नगरसेवकाच्या घरी पोचते त्याच दिवशी नगरपरिषदेच्या फलकावर आणि बसस्थानकावर लागावी, आणि ‘ऐनवेळचे विषय’ या चोरवाटेने खर्चाचा एकही ठराव येऊ नये. संसदेत लोकलेखा समितीचं अध्यक्षपद १९६७ पासून विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. त्याच धर्तीवर लेखापरीक्षणातले आक्षेप वाचून दाखवण्याचं काम इथेही विरोधी बाकावरच्या सदस्याकडे द्यावं. हे शेवटचं आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण आक्षेपांचा अहवाल येतो, फायलीत लागतो आणि तिथेच म्हातारा होतो.

हे अशक्य नाही. तालुक्यातल्या गावांत ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हाशिवाय होते. तिथेही पॅनल असतात, भाऊबंदकी असते, पण मतयंत्रावर पक्ष नसतो. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांतही स्थानिक निवडणुकीत उमेदवाराच्या नावापुढे पक्ष छापत नाहीत. आम्ही तर चिन्हही काढा म्हणत नाही.

या चळवळीला आम्ही मुद्दाम नाव ठेवलेलं नाही. नाव ठेवलं की चिन्ह लागतं, चिन्ह आलं की तिकीट आणि तिकीट आलं की रुसवेफुगवे. आम्ही आघाडी म्हणून नोंदणीही करणार नाही, कारण १९८६ च्या कायद्याने आघाडीलाही व्हिप काढता येतो. या जाहीरनाम्याखाली सही करणारा पुढच्या निवडणुकीत उभा राहणार असेल, तर त्याने आधी सही मागे घ्यावी.

नगराध्यक्ष कुठल्या पक्षाचे, हे आम्ही इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. आज जे आहेत त्यांना आणि पुढे जे येतील त्यांना, दोघांनाही हेच मागणं आहे.

नगरपरिषदेची सभा लोकांना खुली असते. पुढच्या सर्वसाधारण सभेला या, मागच्या बाकावर बसा, आणि आपल्या प्रभागाच्या ‘अ’ आणि ‘ब’ने कोणत्या ठरावावर काय मत दिलं ते वहीत लिहून घ्या.