तीन महिने कोणाला सांगायचं नाही

लोणारला आमच्या मोहल्ल्यात दिवस गेल्याची बातमी तीन महिने दाबून ठेवतात. नजर लागते म्हणून. हिंदू शेजारणींकडेही तेच. या बाबतीत आम्ही सगळ्या एकाच शाळेतल्या. बी.एड. होऊन मीही दोन्ही वेळा तेच केलं. शाळेत उलट्या व्हायच्या तेव्हा ॲसिडिटीचं कारण सांगायचे.

माझ्या मावसबहिणीचं पहिलं बाळंतपण. (तिला विचारूनच लिहितेय.) नाव नोंदवलं पाचव्या महिन्यात. आठव्यात पाय सुजले, तेव्हा खाला म्हणाली, पहिलटकरणीचे सुजतातच. मग दोन दिवस डोकं ठणकत होतं, डोळ्यांसमोर अंधारी येत होती. तिसऱ्या दिवशी फजरच्या वेळी झटका आला. घरात एकच शब्द फिरला, ‘असर’. दम केलेलं पाणी आलं, तावीज आला, गाडी मात्र दीड तासाने आली. बहीण वाचली, बाळ गेलं. त्या घरात तिचं वाईट चिंतणारं कोणीही नव्हतं. पण दुआ गाडीत बसूनही करता आली असती.

या झटक्याला डॉक्टर एक्लॅम्पसिया म्हणतात आणि त्याआधीच्या अवस्थेला प्री-एक्लॅम्पसिया. बीपी वाढतं, लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. अशा वेळी मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन मिळालं तर झटक्याचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे 33 देशांतल्या सुमारे 10,000 बायकांवरच्या अभ्यासातून 2002 मध्येच स्पष्ट झालं आहे. त्यासाठी दवाखान्यात पोचायला हवं, इतकंच.

आजाराचं मूळ मात्र वारेत आहे. मराठीत आपण नाळ जोडतो, नाळ तुटली म्हणून हळहळतो. वारेचं नाव कुठे निघत नाही. उर्दूतला ‘आँवल’ हा शब्दही बायकांच्या खोलीबाहेर पडत नाही. बाळंतपणानंतर पुरून टाकायची वस्तू, एवढीच तिची ओळख. प्रत्यक्षात गर्भ राहिल्यावर सुरुवातीच्या आठवड्यांत वारेच्या पेशी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांत शिरतात आणि त्या अरुंद नळ्या रुंद करू लागतात, पुढे बाळाला रक्त कमी पडू नये म्हणून. हे काम अर्धवट राहिलं की वारेला रक्त पुरत नाही. मग ती आईच्या रक्तात असे पदार्थ सोडते की आईच्याच रक्तवाहिन्या बिघडतात. बीपी वाढलेलं दिसतं विसाव्या आठवड्यानंतर. बिघाडाची सुरुवात बऱ्याचदा आम्ही तोंड मिटून बसलेल्या त्याच तीन महिन्यांत झालेली असते.

यावरचं एक मोठं संशोधन आपल्या विदर्भातही झालं आहे. नागपूर आणि बेळगाव परिसरातल्या बायका त्यात होत्या; शिवाय पाकिस्तान, केनिया, झांबिया, काँगो आणि ग्वाटेमालातल्याही. एकूण 11,976, सगळ्या पहिलटकरणी. निम्म्यांना रोज 81 मिलिग्रॅम ॲस्पिरिन, बाकीच्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. निष्कर्ष 2020 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. वेळेआधीची बाळंतपणं 13.1 टक्क्यांवरून 11.6 वर आली. बीपीचा आजार असून 34 आठवड्यांच्या आत झालेली बाळंतपणं हजारात साधारण चार होती, ती एकावर आली. बीपीचे आजार एकूणात फारसे घटले नाहीत, हेही सांगायला हवं. ही जादूची गोळी नाही. आणि ती कोणाला द्यायची हे डॉक्टरच ठरवणार, दुकानातून आणून खायची नाही.

मला त्या अभ्यासातली एकच गोष्ट टोचते. गोळी सुरू केली होती सहाव्या ते चौदाव्या आठवड्यात. पाचव्या महिन्यात नाव नोंदवणारीला हे दार बंदच. नऊ तारखेची मोफत तपासणीही चौथ्या महिन्यापासूनची असते. त्याआधीचं सगळं आशाताईला कळण्यावर अवलंबून आहे. शेजारणींपासून लपवा, नणंदेपासून लपवा, माझी हरकत नाही. पण आशाताईची नजर कोणाला लागल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. नवरे मंडळींनीही हे वाचावं, कारण गाडी बोलवायची की मौलानांना, हे आमच्याकडे तेच ठरवतात.

बहिणीला पुन्हा दिवस गेले तेव्हा दुसऱ्या महिन्यातच तिने नाव नोंदवलं. आधीचा झटका सांगितल्यावर डॉक्टरांनी रोजची छोटी गोळी दिली, दर भेटीला बीपी पाहिलं. मुलगी झाली. गोळीमुळे की नशिबाने, कोण सांगणार? शेजारच्या आपांना मात्र पाचव्या महिन्यापर्यंत काही कळलं नव्हतं, आणि त्या अजून रुसून आहेत.