वाशीमचा ताम्रपट आणि वेठीचे सातत्य

आपल्या प्राचीन समाजाविषयी दोन समजुती सोयीनुसार पुढे केल्या जातात. एक अशी की, खेडे हजारो वर्षे जसेच्या तसे राहिले. दुसरी अशी की, राजवट पालटली की सारेच पालटते. हिंगोलीच्या परिसरातील पुरावा यांपैकी एकीलाही धड आधार देत नाही.

वत्सगुल्म, म्हणजे आजच्या वाशीम येथून वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याने चौथ्या शतकात, कारकिर्दीच्या ३७ व्या वर्षी, एक ताम्रपट दिला. नांदीकटाच्या उत्तर मार्गातील एक गाव त्याने अथर्ववेदी ब्राह्मणांना दान केले. नांदीकट म्हणजे नांदेड, असे संशोधक मानतात. आणि नांदेड-वाशीम यांच्यामधला मुलूख म्हणजे आजचा हिंगोली जिल्हा. ताम्रपटातील वंशावळ संस्कृतात आहे, व्यवहाराचा मजकूर मात्र प्राकृतात. राजाचा थोरपणा कोणाला कळला नाही तरी चालण्यासारखे होते, माफीची कलमे कळणे भाग होते!

ती कलमेच अभ्यासण्याजोगी आहेत. या गावात सैनिकांनी शिरू नये. सोने व धान्य, फुले व दूध, कातडी व कोळसा यांची मागणी करू नये. मिठासाठी खोदू नये. माफीची ही यादी उलटी वाचली की माफी नसलेल्या गावांवरील बोजा दिसू लागतो. याच घराण्यातील दुसऱ्या प्रवरसेनाच्या चम्मक ताम्रपटात 'विष्टी'चीही माफी आहे. आपला 'वेठ' हा शब्द त्या विष्टीचाच वंशज होय.

श्रद्धेच्या क्षेत्रात मात्र उलथापालथ होत राहिली. वाकाटक राजे वैदिक यज्ञांचा अभिमान मिरवीत. त्याच वत्सगुल्म शाखेच्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे बौद्ध संघाला अर्पण केले. पुढे यादवकाळात नर्सीच्या नामदेवांनी देवाशी थेट मराठीत संवाद मांडला. औंढ्याचे देऊळ त्यांच्या कीर्तनाकडे फिरले, ही आख्यायिका जनतेने सांभाळली, हे लहान परिवर्तन नव्हे. परंतु देऊळ फिरले म्हणून शेताचा सारा घेणारा हात फिरला नाही. चीनमध्ये इ.स. ९ मध्ये वांग मांगने जमिनीची खरेदी-विक्री बंद केली आणि तीनच वर्षांत, इ.स. १२ मध्ये, ती बंदी त्याला उठवावी लागली. केवळ फर्मानाने जमिनीचे संबंध बदलत नाहीत, हा अनुभव तिकडचाही आहे.

मराठवाड्यात खरा तडा गेला तो निजामी राजवटीच्या शेवटानंतर: १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, १९५० मध्ये कूळ कायदा आला. वेठबिगारीवरील बंदी संविधानात होतीच, तरीही १९७६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. आजही मराठवाड्यातील ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेऊन निघतो आणि ती फिटेपर्यंत कोयता खाली ठेवू शकत नाही. त्याच्या नावाने माफीचा पट अद्याप कोणी कोरलेला नाही.