हाडातील गाठ : पहिली सुई कोणाच्या हातची?

खेळताना मुलाच्या गुडघ्याला मार लागतो म्हणून एक्स-रे काढला जातो. हाड मोडलेले नसते, पण अहवालात ‘हाडात गाठ’ असे शब्द असतात आणि घराची झोप उडते. दुसरीकडे पंचविशीतला तरुण गुडघेदुखीवर महिनोन्‌महिने मालिश, शेक आणि लेप करत राहतो. एक्स-रे निघतो तेव्हा सांध्याजवळचे हाड पोखरलेले असते. पहिल्या घरात भीती अनाठायी असते, तर दुसऱ्या घरात बेफिकिरी महागात पडते.

हाडात सुरू होणारा कर्करोग दुर्मीळ आहे. कर्करोग नसलेल्या, म्हणजे साध्या गाठी त्याहून कितीतरी अधिक आढळतात. त्यांतली सर्वांत परिचित गाठ म्हणजे ऑस्टिओकाँड्रोमा. वाढत्या वयात बहुधा गुडघ्याजवळ हाडाला कोंब फुटल्यासारखा तो वाढतो आणि शरीराची वाढ थांबली की थांबतो. एकच गाठ असेल तर तिचे कर्करोगात रूपांतर शंभरात एखाद्याच रुग्णात होते. मात्र वाढीचे वय सरल्यावरही ती मोठी होत असेल किंवा नव्याने दुखू लागली, तर तपासणी टाळू नये. नॉन-ऑसिफाइंग फायब्रोमा ही मुलांमधील गाठ तर बहुधा आपोआप भरून येते. ऑस्टिऑइड ऑस्टिओमा आकाराने अगदी लहान, पण रात्री झोपू देत नाही. ॲस्पिरिनसारख्या गोळीने दुखणे चटकन थांबते, हीच तिची ओळख.

पण ‘साधी’ म्हणजे निरुपद्रवी असे नव्हे. जायंट सेल ट्यूमर प्रामुख्याने २० ते ४० या कामाच्या वयात, बहुतेकदा गुडघ्याजवळ होतो. तो सहसा जीव घेत नाही, पण सांध्यापर्यंतचे हाड खाऊन टाकतो.

हा फरक ओळखण्यासाठी पहिले आणि मोलाचे साधन आहे ते साध्या एक्स-रेचे. रुग्णाचे वय काय, गाठ कोणत्या हाडात व कोणत्या भागात आहे आणि तिची कड कशी आहे, या तीन प्रश्नांत बरेचसे उत्तर मिळते. गाठीभोवती पांढरी, रेखीव कड असेल तर ती बहुधा संथ आहे. कड पुसट आणि हाडाची भिंत फुटलेली असेल तर सावध व्हावे. एक्स-रे नीट न पाहता थेट एमआरआय काढल्याने गोंधळ वाढू शकतो, कारण निरुपद्रवी गाठीभोवतीची सूजही त्यात भयंकर दिसते. वय चाळिशीपुढे असेल तर विचाराची दिशा बदलते. तेव्हा दुसऱ्या अवयवातून हाडात पसरलेला कर्करोग किंवा मायलोमा आधी तपासावा लागतो. आपल्याकडे हाडाचा क्षयही गाठीसारखा दिसू शकतो, हेही विसरून चालत नाही.

सर्वाधिक गैरसमज आहे तो बायॉप्सीविषयी. ‘सुरी लागली की गाठ पसरते’ ही समजूत चुकीची आहे. योग्य रीतीने केलेल्या बायॉप्सीमुळे कर्करोग पसरत नाही. चुकीच्या जागेवरून केलेली बायॉप्सी मात्र नुकसान करते. गाठ कर्करोगाची निघाली तर सुईचा मार्गही शस्त्रक्रियेत काढून टाकावा लागतो, आणि तो भलतीकडून गेला असेल तर हातपाय वाचवणे अवघड होते. अमेरिकेतील अस्थिशल्यविशारद हेन्री मँकिन आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये व पुन्हा १९९६ मध्ये याचा अभ्यास केला. बायॉप्सी अंतिम उपचार करणाऱ्या केंद्राऐवजी आधीच्या रुग्णालयात झाली, तर चुका व गुंतागुंती २ ते १२ पट अधिक होत्या. म्हणून जो शल्यविशारद पुढची शस्त्रक्रिया करणार, त्यानेच पहिली सुई कुठून घालायची ते ठरवावे. कित्येक साध्या गाठींना तर सुईची गरजच नसते.

उपचारही गाठीनुसार वेगळे असतात. काहींना ठरावीक काळाने एक्स-रे काढून पाहणे पुरते. ऑस्टिऑइड ऑस्टिओमा सिटी स्कॅनच्या मदतीने सुई घालून उष्णतेने जाळता येतो. जायंट सेल ट्यूमर खरवडून पोकळी हाडाने किंवा सिमेंटने भरतात. तो पुन्हा उद्भवू शकतो म्हणून काही वर्षे नियमित तपासणी आणि छातीचा एक्स-रे आवश्यक असतो. टाके निघाले म्हणजे उपचार संपले, असे येथे होत नाही.

व्यवस्थेने करण्यासारखी गोष्ट फार खर्चाची नाही. तालुक्याच्या रुग्णालयात निघालेला संशयास्पद एक्स-रे रुग्णाला हलवण्याआधी वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावा. तेथे अस्थिरोगतज्ज्ञ, क्ष-किरणतज्ज्ञ आणि विकृतिशास्त्रज्ञ यांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसून असे एक्स-रे पाहावेत. त्यामुळे एकाची मुंबईची फेरी आणि बुडणारी मजुरी वाचेल, तर दुसऱ्याला वेळेवर बोलावता येईल.

रुग्णांनीही मार न लागता तीन आठवड्यांहून अधिक टिकणारे हाडाचे दुखणे, रात्री झोपमोड करणारी कळ, वाढती गाठ किंवा किरकोळ धक्क्याने मोडलेले हाड यांवर मालिश करू नये, एक्स-रे काढावा. आणि जुन्या फिल्म जपून ठेवाव्यात. दोन वर्षांपूर्वीच्या फिल्ममध्ये गाठ तेवढीच दिसली, तर तिच्याइतका दिलासा देणारी दुसरी तपासणी नाही.