तिळातिळाने लहान होणारा दिवस

मॉरिशसमधील मराठी शिक्षणाविषयी बोलण्याचा प्रसंग आला म्हणजे व्यासपीठावरून बहुधा पूर्वजांच्या कष्टांचे वर्णन होते, भारतातून आलेले पाहुणे ‘तुम्ही संस्कृती जपलीत’ असे सद्गदित होऊन सांगतात, टाळ्या पडतात आणि मंडळी चहाकडे वळतात. शनिवारी दुपारी मंडळाच्या खोलीत, निम्म्या रिकाम्या बाकांसमोर, खडू हाती घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसावर काय प्रसंग गुदरतो, हे मात्र कोणी विचारीत नाही. म्हणून या वेळी या सदरात एका पाहुण्या शिक्षिकेविषयी लिहिणे उचित होईल. त्यांनी येथे दोन वर्षांत एकही भाषण केले नाही.

सन २०१८ च्या आरंभी रत्नागिरी जिल्ह्यातून या बाई दोन वर्षांच्या करारावर येथे आल्या. नोकरी पठारावरील एका खाजगी इंग्रजी शाळेत गणित शिकविण्याची. बिऱ्हाड वाक्वा येथे एका मराठी कुटुंबाच्या माडीवर. भाड्याची बोलणी चालू असता घरमालकांनी सहज सांगितले की, मंडळाच्या शनिवारच्या मराठी वर्गाला शिक्षक उरला नाही. बाईंनीही तितक्याच सहजपणे तो वर्ग पत्करला. पटावर अकरा मुले होती. त्यांपैकी तिघांचे आईबाप पुढील वर्षी मुलांना पाठवावे की नाही या विचारात होते.

पहिला वर्ग भरला तो १३ जानेवारीस, संक्रांतीच्या आदल्या दिवशी. बाईंनी गावाहून आणलेला तीळगूळ वाटला आणि आपल्या शाळेत वर्षानुवर्षे सांगत आल्या तेच येथेही सांगितले : उद्यापासून दिवस तिळातिळाने मोठा होत जाईल. मुलांनी ते वहीत लिहून घेतले. मात्र मागच्या बाकावरील दहा वर्षांचा एक मुलगा लिहीत नव्हता. त्याचा आजा तामारिनच्या समुद्रावर मासे धरणारा. मुलगा अर्ध्या मराठीत, अर्ध्या क्रेओलमध्ये म्हणाला, “बाई, नोएल झाला की दिवस लहान होतो. आजा सांगतो.”

आजाचे म्हणणे अर्थातच बरोबर होते. विषुववृत्ताच्या दक्षिणेस, वीस अंशांवर वसलेल्या या बेटावर डिसेंबरच्या अखेरीस दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो आणि तेथून तो घटत घटत जूनमध्ये अकरा तासांच्या आसपास येतो. गणिताच्या शिक्षिकेस हे ठाऊक नव्हते असे नाही. परंतु पृथ्वीचा कललेला अक्ष हा एका तासाचा विषय आणि संक्रांत हा दुसऱ्या तासाचा, अशी विभागणी मनात कायमची झालेली असते. बाई क्षणभर थांबल्या, हसल्या आणि त्यांनी सर्वांस आपल्या वहीतील ‘मोठा’ हा शब्द खोडून ‘लहान’ असा लिहावयास सांगितले.

त्याच आठवड्यात बर्गिटा हे चक्रीवादळ बेटाजवळून गेले. शाळा बंद झाल्या. माडीवरची खिडकी फळ्या ठोकून बंद करण्यात आली आणि बाईंना खाली घरमालकांच्या आईपाशी बसून रेडिओवरील इशारे ऐकण्याखेरीज दुसरे काम उरले नाही. रेडिओ क्रेओलमध्ये व फ्रेंचमध्ये बोले. आजी त्याचे मराठीत सार सांगत. त्या मराठीत ‘न्हवं’, ‘हितं’, ‘त्यानला’ असे शब्द ऐकून बाई चकित झाल्या. ही बोली त्यांनी लहानपणी स्वतःच्या आजोळी ऐकली होती आणि शाळेत गेल्यावर, अशुद्ध म्हणून, टाकून दिली होती.

बाईंचा नित्यक्रम सांगण्यासारखा आहे, कारण तो येथील कोणत्याही शिक्षकाचाच आहे. सकाळी सहाला उठावे, कोपऱ्यावरून कागदात गुंडाळलेल्या दालपुरीची जोडी घ्यावी, बसमध्ये अर्धा वेळ उभे राहावे. क्युरपीपच्या बाजूस पाऊस नसेल तर धुके, धुके नसेल तर पाऊस. छत्री विसरणारा माणूस त्या भागात टिकत नाही. शाळेत मुले गणित इंग्रजीत सोडवीत, एकमेकांच्या कानी फ्रेंचमध्ये लागत आणि भांडण जुंपले म्हणजे क्रेओलवर येत. भांडणाची भाषा ती मुलाची खरी भाषा, असे बाईंचे मत झाले, व ते चुकीचे म्हणता येणार नाही. मराठी वर्गातील मुलेही क्रेओलमध्येच भांडत. सहा महिन्यांत बाई स्वतः ‘की मान्येर’ असे विचारून बसच्या कंडक्टरशी गप्पा मारू लागल्या.

संक्रांतीचा तो प्रसंग मात्र त्यांच्या मनातून गेला नाही. येथील मराठी वर्गात जी पुस्तके हाती असतात त्यांत जूनमध्ये पाऊस पडतो, शाळा सुरू होते, शेतकरी पेरणी करतो. वैशाखात आंबे पिकतात. आपल्याकडे शाळा जानेवारीत उघडते, आंबा नाताळच्या सुमारास खाल्ला जातो आणि जूनमध्ये वाक्वाची मुले स्वेटर घालून ऊसतोडणी पाहतात. मुलाच्या दृष्टीने मराठी ही अशा एका देशाची भाषा ठरते, जेथे सर्व काही उलट घडते. तिचा खिडकीबाहेरच्या जगाशी संबंध नाही. मग ती परीक्षेपुरती शिकावी किंवा शिकूच नये, असे त्याला वाटले तर दोष कोणास द्यावा? सन २०१२ पासून प्राथमिक शाळांत क्रेओल हीही ऐच्छिक भाषा म्हणून शिकविली जाते. त्यावर आपल्या समाजात पुष्कळ कडवट बोलले गेले. वस्तुतः क्रेओलने मराठीचे काही नेलेले नाही; मराठीने जी जागा मोकळी सोडली होती तेथे ती आधीपासूनच बसली होती.

बाईंनी एक मोठा पांढरा कागद भिंतीवर लावला आणि त्यावर चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा रकाने आखले. प्रत्येक महिन्याखाली मुलांनी सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा वर्तमानपत्रातून उतरवावयाच्या आणि त्या महिन्यात या बेटावर डोळ्यांनी जे दिसते तेवढेच लिहावयाचे. ऐकीव काही चालणार नाही, असा नियम होता. आणि डोळ्यांनी पाहावयाचे तर घराबाहेर पडणे आले. अशा रीतीने त्यांच्या शनिवार-रविवारच्या सहलींस प्रारंभ झाला.

पहिली सहल अगदी जवळची, कात्र बोर्नच्या बाजाराची. तेथे शनिवारी भाजी येते. बाईंनी मुलांबरोबर त्या घरमालकांच्या आजींनाही नेले. वृद्धांना बसचे तिकीट पडत नसल्याने आजींनी खर्चाची सबब सांगण्याचा प्रश्नच नव्हता! मुलांना प्रत्येक भाजीचे क्रेओल नाव मुखोद्गत होते : पिपांगाय, लालो, मार्गोझ, कालबास. आजी काठीच्या टोकाने दाखवीत पुढे चालल्या : दोडका, भेंडी, कारली, दुधी. ‘ब्रेद सोंज’ म्हणजे अळूची पाने आणि ‘ब्रेद मुरुम’ म्हणजे शेवग्याचा पाला, हे कळल्यावर एका मुलीने विचारले, “मग आमच्या घरी रोज मराठीच शिजतं?” एक भाजीवाला हे सारे ऐकत होता. त्याने आजींना शेवग्याच्या पाल्याची एक जुडी तशीच दिली.

भाद्रपदात गणपती आले. कास्काव्हेलच्या बाजूस, जेथे १८९६ साली या बेटावरील पहिला गणेशोत्सव झाल्याचे सांगितले जाते, तेथे बाईंना बोलावणे आले. रात्री अंगणात झाकरी उभी राहिली. वर्तुळ, मध्ये ढोलकी व झांज, पायांत घुंगरू, एक पाय पुढे टाकून अंग झुकविण्याची ती लकब! ही तर कोकणातली जाखडी. बाईंच्या गावी पुरुषमंडळी गौरी-गणपतीत ती नाचत. बाईंनी ती आयुष्यभर ओटीवरून पाहिली, कधी नाचल्या नाहीत, व शिकलेल्या घरात तिचे फारसे कौतुकही नव्हते. येथे ऊसमळ्यांतून राबणाऱ्या माणसांनी ती चार-पाच पिढ्या सांभाळली. त्या रात्री मुलांनी बाईंना वर्तुळात ओढले. भाद्रपदाच्या रकान्यात ‘झाकरी’ हा शब्द ज्या मुलाने लिहिला त्यास बाईंनी ‘जाखडी’ असे दुरुस्त करावयास सांगितले नाही. शुद्धलेखनाच्या आग्रही मंडळींना हे रुचणार नाही. परंतु शब्द समुद्र ओलांडून आला म्हणजे त्याचे रूप थोडे बदलावयाचेच.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत करारबद्ध मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत, हे वाचकांस ठाऊक आहेच. शाळेच्या सुटीत बाई वर्गातील एका मुलीस व तिच्या वडिलांस घेऊन तेथे गेल्या. कारण असे घडले : पहिल्या दिवशी हजेरी घेताना बाईंनी तिला नाव विचारले आणि मग “आडनाव?” असेही विचारले. मुलीने सांगितले ते पुन्हा एखाद्या मुलाचे नाव वाटावे असे होते. बाई म्हणाल्या, “हे वडिलांचं झालं. आडनाव सांग.” मुलगी रडवेली झाली. आपल्यापैकी कितीतरी घरांची आडनावे बापू, पांडू, गोविंद अशी आहेत, याचे कोडे महाराष्ट्रातून येणाऱ्यास हटकून पडते. नोंदवहीत त्याचे उत्तर मिळाले. बंदरावरील कारकुनाने माणसाचे नाव लिहिले, बापाचे नाव लिहिले, क्रमांक दिला, उंची मोजली, अंगावरील खूण टिपली. गावचे आडनाव लिहिण्यास त्या रकान्यांत जागाच नव्हती. पाळण्यातले नाव पुढील पिढीचे आडनाव झाले. मुलीच्या पूर्वजाचा क्रमांक कुटुंबापाशी जपलेल्या एका जुन्या कागदावर होता, म्हणून शोध लागला. जिल्हा रत्नागिरी. गावाचे नाव कारकुनाने असे काही लिहिले होते की, ते बाईंनाही निश्चित लावता आले नाही. वडील बराच वेळ त्या अक्षरांकडे पाहत राहिले. मग पोर्ट लुईस जाऊन तिघांनी आप्रवासी घाटाच्या पायऱ्या पाहिल्या, आणि येताना मुलगी बसमध्ये झोपी गेली.

ले मोर्नची सहल मोठी झाली. शेजारची चार क्रेओल मुलेही बरोबर आली होती. त्या डोंगराच्या कड्याकपारींत पळून आलेल्या गुलामांनी आसरा घेतला होता; २००८ साली जागतिक वारसास्थळांत त्याची गणना झाली, आप्रवासी घाटाची २००६ साली झाली होती. पायथ्याशी बसून बाईंनी दोन्हीही गोष्टी सांगितल्या, एक मराठीत व एक मोडक्यातोडक्या क्रेओलमध्ये. मोडक्या क्रेओलची गोष्ट मराठी मुलांनीच सुधारून सांगितली. आपल्या सहलींत असा शेजार सहसा नसतो. तो असावा.

शामारेलची रंगीत माती, गंगा तलाव, पाम्प्लेमुसची बाग ही ठिकाणेही झाली; त्यांचे वर्णन प्रवाशांच्या पुस्तकांतून पुष्कळ आहे. त्याहून आठवणीत राहिली ती ज्येष्ठातील प्लेन शांपाञची थंड सकाळ. लालसर गोयाव्ये तोडताना मुलांच्या बोटांस ओरखडे आले, वारा असा की शब्द ऐकू येईना, आणि परतताना दोन्ही बाजूंचा ऊस तुऱ्यावर आलेला. ‘तुरा’ हा शब्द बाईंनी त्या वेळी सांगितला. तो मुले विसरली नाहीत.

वर्षअखेर भिंतीवरचा कागद भरत आला. चैत्राखाली होते : ‘गुढी. उन्हाळा संपतो.’ आषाढाखाली : ‘थंडी. ऊसतोडणी. दिवस लहान.’ आश्विनाखाली : ‘दसरा. आता वसंत.’ मार्गशीर्षाखाली : ‘लिची. गुलमोहर.’ गुलमोहराविषयी एक गंमत सांगितली पाहिजे. बाई समजत होत्या की, हे झाड कोकणातले, मे महिन्यात फुलणारे. येथे डिसेंबरात भलतीकडेच फुलते. ते मुळात मादागास्करचे आहे, म्हणजे आपल्या अगदी शेजारचे. येथील फुलणे हेच त्याचे घरचे फुलणे होय. महाराष्ट्रात ते पाहुणे.

डिसेंबर २०१९ मध्ये करार संपून बाई परत गेल्या. विचारात पडलेल्या तिघा पालकांपैकी दोघांनी मुले वर्गात ठेवली. तिसऱ्याने काढून घेतले, त्याचे कारण घर बदलल्याचे सांगितले. पटावर त्या वेळी तेरा नावे होती. पुढे २०२० मध्ये साथीमुळे सर्वच वर्ग बंद पडले आणि पुन्हा भरले तेव्हा शिकविण्यास पूर्वीचीच एक विद्यार्थिनी उभी राहिली, तीच नोंदवहीवाली. वाक्वाच्या दमट हवेने जुना कागद कुजला होता. मुलांनी तो नव्या कागदावर उतरवून काढला. उतरविताना फाल्गुनाच्या रकान्यात काय लिहावे यावर वाद झाला : पूर्वी तेथे ‘वादळ’ असे होते, पण दोन वर्षे फाल्गुनात वादळ आलेच नाही असे एका लहान मुलाचे म्हणणे. वाद अर्धाअधिक मराठीत झाला. तो रकाना अद्याप कोरा आहे.