थंड इंजिन आधी ऐका

पहिली पाळी सुटली की नाशिक फाट्यावरून कासारवाडीतल्या गॅरेजांकडे गाड्या वळू लागतात. चाकणहून वीसेक किलोमीटर पळून आलेले इंजिन हात लावू देत नाही इतके तापलेले असते. गिऱ्हाईक सांगते, "सकाळी चालू केली की खटखट वाजते." कारागीर सेल मारतो, दोनदा रेस देतो, क्षणभर कान देतो आणि टॅपेटवर ठपका ठेवून मोकळा होतो. टॅपेट आवळले जातात, गाडी जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी खटखट तशीच असते.

यात कारागिराचा कान कमी पडला असे आम्हाला वाटत नाही. सकाळचा आवाज त्याने संध्याकाळी ऐकला, चूक तिथे आहे. गाडी आली की लगेच चालू करून बघायची ही आपल्या धंद्यातली सवय मोडली पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे. रात्रभर थंड झालेल्या इंजिनाचे पहिले मिनिट हा आवाजाच्या तपासातला सर्वांत मोलाचा पुरावा असतो आणि तो दिवसातून एकदाच मिळतो.

कारण साधे आहे. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. म्हणून बिडाचा स्लीव्ह असलेल्या इंजिनात थंड असताना पिस्टनभोवतीची फट जास्त असते. स्लीव्ह झिजला असेल तर पिस्टन या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटतो आणि बोदा, पोकळ ठोका ऐकू येतो. पाच-सात मिनिटांत पिस्टन फुगतो, ठोका विरतो. बिग एंडचे वागणे नेमके उलटे. थंड असताना घट्ट ऑइल बेअरिंगमधली ढिलाई झाकून धरते. इंजिन तापून ऑइल पातळ झाले की खालून जड ठोका येऊ लागतो, चढावर किंवा अ‍ॅक्सिलेटर सोडता-धरताना तो वाढतो. म्हणजे पहिला प्रश्न 'आवाज कुठून येतो' हा नाही. तापल्यावर आवाज गेला की वाढला, हे आधी ठरवायचे. एवढे ठरले तरी निम्मे संशयित बाजूला होतात. पहिल्या जातीची गाडी काही दिवस सांभाळून चालवता येते. दुसऱ्या जातीची गाडी त्याच दिवशी उभी करायला सांगावी, कारण रॉड सुटला तर क्रँककेसही हाती राहत नाही.

टॅपेटविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण सर्वाधिक अन्याय त्याच्यावर होतो. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या गतीने फिरते. आयडलिंग १,४०० असेल तर क्रँक सेकंदाला सुमारे २३ फेरे घेतो आणि प्रत्येक टॅपेटची टिकटिक १२च्या आत राहते. सरावलेल्या कानाला हा फरक कळतो. टिकटिक सावकाश आणि वरून येत असेल तर हेड बघा, ठोके दुप्पट वेगाचे असतील तर खाली चला. फट नेहमी थंड इंजिनावर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला आणून, फिलर गेजने आणि त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधल्या आकड्यानेच लावावी. आवाज बंद होईपर्यंत आवळत जाणे हा तर गुन्हाच. हलका वाजणारा टॅपेट इंजिनाचे फारसे बिघडवत नाही. गरजेपेक्षा जास्त आवळलेला टॅपेट गप्प राहतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसू न देता जाळून टाकतो. गिऱ्हाईक शांत इंजिन बघून खूश होऊन जाते, आणि काही महिन्यांनी कॉम्प्रेशन गेलेली गाडी घेऊन परत येते.

हेड खोलण्याआधी फुकटात होणाऱ्या दोन तपासण्या आहेत. न्यूट्रलमध्ये क्लच दाबा. आवाज गेला तर क्लच किंवा गिअरबॉक्सचे बेअरिंग तपासा, पिस्टनला हात लावू नका. सायलेन्सर बेंड हेडला जोडतो तिथे काजळी दिसते का पाहा. गळक्या गॅस्केटची फटफट अगदी टॅपेटसारखी वाजते. दोन प्लगच्या गाड्यांत (पल्सरमध्ये डीटीएस-आय २००३ साली आले) एक प्लग मेला तरी इंजिन चालत राहते, फक्त सूर आणि ताकद बदलते. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत इंजेक्टरची टिकटिक आणि चावी फिरवताच फ्युएल पंपाची गुणगुण नेहमीचीच असते. हे नवे आवाज शिकाऊ मुलांना आधी ऐकवा.

लाकडी मुठीचा पेचकस कानाशी धरून ऐकणे काहींना आता जुनाट वाटते. आमच्या कासारवाडीतच फोर्ब्स मार्शलचा कारखाना आहे, वाफेच्या यंत्रणेसाठी नावाजलेला. वाफेच्या त्या क्षेत्रात स्टीम ट्रॅप बिघडला का हे ऐकून ठरवण्याची रीत आजही आहे, फक्त जोडीला अल्ट्रासोनिक उपकरण आले. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप काही महाग नाही. पण हायवेची वाहने, वरून मेट्रो, पलीकडे लोकल, अशा गलक्यात स्टेथोस्कोपही फार मदत करत नाही. तपासणी सकाळी लवकर, आतल्या गल्लीत करावी.

अडचण आम्हाला ठाऊक आहे. गिऱ्हाईकाला उद्याची पाळी गाठायची असते, गाडी रात्रभर ठेवायला ते तयार नसते. त्यासाठी आमची स्पष्ट सूचना आहे: ऐकण्याचे पैसे घ्या. दरफलकावर 'थंड इंजिन तपासणी' अशी वेगळी ओळ लिहा आणि काम निघाले तर ती रक्कम बिलातून वजा करा. आज तपासणी फुकट आणि खोलणे पैशाचे, म्हणून घाई खोलण्याची होते. यात गिऱ्हाईकाचा खर्च वाढतो आणि आपले नाव जाते.

गाडी ठेवणे शक्यच नसेल तर सकाळी पहिला सेल मारण्याआधीपासून दोन मिनिटे मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवायला सांगा. मोबाइल एकदा डाव्या आणि एकदा उजव्या बाजूला, इंजिनापासून हातभर अंतरावर धरायला सांगा, रेस अजिबात देऊ नका म्हणावे. टिकटिक आणि चेनची खडखड यात चांगली पकडली जाते. खालचा जड ठोका मात्र मोबाइलच्या बारक्या माइकमध्ये पुष्कळदा हरवतो, तेव्हा रेकॉर्डिंग स्वच्छ वाटले म्हणून बिग एंडला निर्दोष ठरवू नका.